हीण

रविवारी मित्रोवित्साच्या बाजारात
मिरच्यांच्या माळा आणि जुनी ड्रिलमशिनं यांच्या मधोमध
स्ताम्येन्को बिस्किटांचा पत्र्याचा डबा उघडतो.
चांगली नाणी तो व्हिएन्नाच्या गिऱ्हाइकांसाठी
आधीच बाजूला काढतो.
मी तळाशी हात घालतो.
मला हिणकसच लागतात.

अल्बमात ती उतरत्या क्रमाने लावलीत.
पहिलं अर्धं चांदीचं,
टेबलावर टाकलं तर अजून बोलतं.
मग पन्नास वर्षांत, म्हणजे सहा पानांत,
आवाज बसत जातो.
शेवटचं पडतं कोटाच्या बटणासारखं.
शंभरात तीन भाग चांदी,
तीही वरवर, पाणी चढवल्यासारखी.

मुकुटाची किरणं मात्र शाबूत,
उलट जरा जास्तच टोकदार.
आणि पाठीवर जी देवी आहे
तिच्या हातात तराजू!
दुसऱ्यावर लिहिलंय, सैनिकांची निष्ठा.
तिसऱ्यावर, सुबत्ता.
घाईत ठोकलेलं; सुबत्तेची शेवटची दोन अक्षरं
काठाबाहेर पडली आहेत.

माझं पहिलं नाणं मी लिंबाच्या रसात टाकलं होतं.
काळं होतं, वाटलं मळ असेल.
सकाळी वाटीत तांब्याचा गुलाबी, नागडा चेहरा
आणि रसावर राखाडी साय.
ती सायच चांदी होती.
सतराशे वर्षं टिकलेली,
मी नळ सोडून घालवली.

आता फक्त डिस्टिल्ड वॉटर,
आणि माझी दातांची बारीक हत्यारं.
चाळीस वर्षं कवळ्या केल्या, हात अजून स्थिर आहे.
दाढीच्या वळ्यांत, कानामागे,
जिथे कुणाचा अंगठा पोचला नाही
तिथे ती अजून असते.
तिथे मी थांबतो.

त्र्याण्णवचा हिवाळा आमच्याकडेही आला होता.
सकाळच्या पगारात दुपारी डझनभर अंडी,
संध्याकाळी एक.
पाचशे अब्जांची एक नोट ठेवली आहे मी,
पानात खूण म्हणून.
तिच्यावर सम्राट नाही,
एक दाढीवाला कवी आहे. बरा दिसतो.

त्याच हिवाळ्यात पेर्सिदाबाई आल्या,
शाळेत भूमिती शिकवायच्या.
दोन दाढांना सोन्याच्या टोप्या हव्या होत्या.
आईची बांगडी आणली, आणि मजुरीत एक सोललेलं बदक.
मी बांगडी अर्धीच वितळवली.
आत दुसराच धातू, वर सोन्याचं पाणी.
उरलेल्या अर्धीतून दोब्रिलाचं इन्सुलिन आलं,
थोडं सरपण,
आणि खरं सांगायचं तर एक बाटलीही.
बाई आरशात बघून म्हणाल्या,
चोख काम केलंस, बुदिमिर.

सोळा वर्षं त्यांनी त्यावर चावलं.
रस्त्यात दिसल्या की मुद्दाम रुंद हसायच्या.
मी टोपी काढायचो
आणि त्यांच्या बुटांकडे बघायचो.

म्हणून टांकसाळीतल्या त्या माणसावर
मला रागावता येत नाही.
ह्याच सावा नदीच्या वरच्या अंगाला, सिसकला,
तो भट्टीपाशी उभा असेल. वरून हुकूम आलेला.
ह्या खेपेला मूठभर कमी टाक.
मूठभराने काय होतं.
घरी कुणी आजारी होतं का त्याच्या,
हे नाण्यावर लिहिलेलं नसतं.

लिन्झहून मुलीचा फोन येतो.
किती किमतीची आहेत रे बाबा ही सगळी?
एकेक दोन कॉफ्यांचं.
मग कशाला?

मी भिंग पुसतो.
आजचं भरलं दोन पूर्णांक सात ग्रॅम.
बाईंची कबर रेल्वेच्या रुळांपलीकडे आहे,
तिथल्या मातीत चुना जास्त.
तांबं अशा मातीत हिरवं पडतं.
दाढेच्या मागच्या खाचेत,
जिथे जिभेचं टोकही पोचत नव्हतं,
थोडं पिवळं उरलं असेल.